तुझ्या हातच्या शेवटच्या वेण्या

रुबिना,

तू गेलीस त्याला सात आठवडे होऊन गेले. चाळिसावा झाला, तुझ्या खोलीची चावी परत दिली, कपडे वाटून टाकले, आणि तरी काल दुपारपर्यंत माझ्या लेकीच्या डोक्यावर तुझ्याच वेण्या होत्या. तूच म्हणायचीस ना, सहा आठवड्यांच्या वर वेण्या ठेवायच्या नाहीत, मुळाशी गुंता धरतो, मग केस तुटून हातात येतात. या वेण्यांना आठ आठवडे झाले होते. मुळाशी बोटाच्या पेराएवढे नवे केस वर आले होते, कानांमागे गुठळ्या झाल्या होत्या, आणि बाईसाहेब हात लावू देत नव्हत्या. मी नुसती मागून गेले तरी माहीन दोन्ही हात डोक्यावर ठेवायची. चौदा वर्षांची घोडी, आणि मी जणू चोर. तुझा भाऊ अश्फाक म्हणायचा, राहू दे गं, तिची फुफू गेलीय. तिची फुफू गेली हे मला कुणी सांगायला नको होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन, तेही बोलेन. पण आधी हे ऐक, मी तुझ्यावर जळायचे. तुला ते ठाऊक होतं. तुझ्या भावाला ठाऊक नव्हतं, कारण त्याला घरातलं काहीच ठाऊक नसतं. आणि तू गेलीस म्हणून माझं जळणं थांबलंय असं समजू नकोस.

तुमच्या मुरूडच्या घराण्यात हे घट्ट कुरळे केस कुठून आले ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुझे अब्बा छाती पुढे काढून सांगायचे की आपण जंजिऱ्याच्या हबशी सिद्दींच्या रक्ताचे. तुझी अम्मी तो विषय निघाला की चहा टाकायला उठायची. अश्फाकचे केस कायम बारीक कापलेले, तू तेव्हा केसांना केमिकल लावून, इस्त्री मारून, वर ओढणी घेऊन हिंडायचीस, त्यामुळे निकाहाआधी मला कशाचाच पत्ता नव्हता. मी रत्नागिरीची. माझी वेणी कमरेच्या खाली. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या बायका चेहऱ्याआधी वेणी बघतात, आणि माझी बघून तुझी अम्मी खूश झाली होती, हे तूच मला सांगितलं होतंस.

माहीन झाली, सातव्या दिवशी अकिका केला, जावळ काढलं. त्यानंतर जे आले ते असे बारीक, घट्ट, एकमेकांत अडकलेले. माझी आई रत्नागिरीहून फोनवर म्हणाली, परत काढ, जावळ तीनदा काढलं की केस सरळ येतात. मी तीनदा काढलं. तिसऱ्या खेपेला पोरगी अडीच वर्षांची होती आणि इथे आखातात, मनखूलच्या त्या मल्याळी न्हाव्यानेच मला विचारलं, मॅडम, लडकी है ना? केस परत आले ते पहिल्याहून घट्ट.

मग माझी तेल-फणी सुरू झाली. मला जे येत होतं तेच मी केलं, दुसरं काय करणार? माझ्या आईने माझ्यावर केलं, तिच्या आईने तिच्यावर. वाटीभर खोबरेल चोपडायचं, कोरड्या केसांत मुळापासून फणी घालायची आणि खाली ओढायची. फणीचे दात मोडायचे. पोर किंचाळायची. शेजारच्या गुजराती आंटी एकदा बेल वाजवून, सब ठीक है ना, असं विचारून गेल्या. अश्फाक अशा वेळी नमाजला निघून जायचा, नमाजला अर्धा तास असला तरी. मी तिच्या केसांना काथ्या म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे, रुबिना. सहा वर्षांची होती.

आणि मग तू आलीस. तलाक घेऊन, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजच्या काउंटरवर नोकरी धरून, आणि डोक्यावर जेमतेम दोन इंच केस. इस्त्रीचे सगळे कापून टाकलेले. मी मनात म्हटलं, नवरा गेला, आता अक्कलही गेली. तुझ्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये युगांडाची एक बाई राहायची, तिच्याकडून तू हे सगळं नव्याने शिकत होतीस. स्वतःचेच केस, आणि पस्तिशीला आल्यावर दुसरीकडून शिकायचे. मला हसू आलं होतं.

शनिवारी तुला सुट्टी, माहीनलाही सुट्टी. पहिल्या शनिवारी तू बस पकडून आलीस, पिशवीतून रुंद दातांचा कंगवा काढलास, पाणी मारायची बाटली, केसांना चोपडायच्या शिया बटरचा डबा. फणी उचलून कपाटावर टाकलीस. माझी फणी, माझ्या कपाटावर, मला न विचारता. पोरीला खाली बसवलंस, स्वतः सोफ्यावर, ती तुझ्या दोन गुडघ्यांमध्ये. केस ओले केलेस, चार भाग केलेस, कंडिशनर लावलंस आणि आधी नुसत्या बोटांनी गुंता सोडवलास. मग कंगवा, तोही टोकापासून. दोन बोटं वर, पुन्हा टोकापर्यंत. आणखी दोन बोटं वर. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, आता ओरडेल, मग ओरडेल. ओरडली नाही. अर्ध्या तासाने तुझ्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली. माझी डाळ खाली लागली.

तेव्हापासून आठ वर्षं, दर शनिवारी. माझ्या पातेल्यात तू जवस उकळून त्याचा चिकट रस गाळायचीस, तो केसांना लावायला. पातेलं घासून ठेवायचीस, पण मला त्याला वास यायचा. सुती उशीवर केस कोरडे पडतात म्हणून साटनचा अभ्रा शिवून आणलास. एकदा तिची एक बट ओढून दाखवलीस, कानापाशी गोळा झालेली बट खांद्याच्या खाली गेली, आणि माहीन अशी हसली की जणू तू जादू केलीस. अगं, वाढत होते की ते माझ्याही हातात. वाढत होते आणि तुटत होते, हे तू म्हणालीस. हळू म्हणालीस, पण म्हणालीस.

केसांचं मी सहन केलं असतं. गप्पांचं नाही झालं. तीन-तीन तास तुम्ही दोघी तिथे, टीव्ही चालू, आवाज बारीक, आणि माहीन बोलतेय, बोलतेय. मी ट्रे घेऊन आले की गप्प. मला ती एका शब्दात उत्तरं देते, फाइन, ओके, नथिंग. तिला पहिल्यांदा पाळी आली ते मला तुझ्याकडून कळलं. तू फार सांभाळून सांगितलंस, भाभी, रागावू नकोस, शनिवार होता म्हणून मला सांगितलं. माझा तिळपापड झाला. शनिवार होता म्हणून! आई काय फक्त रविवारी असते?

आणि ते सुपरमार्केट. तुम्ही दोघी पुढे, डोक्यावर सारखेच दोन मोठे झुबके, मी मागे ट्रॉली ढकलत. काउंटरवरची फिलिपिनो पोरगी तुला म्हणाली की मॅडम, तुमची मुलगी अगदी तुमच्यासारखी आहे. आणि तू काही बोलली नाहीस. नुसती हसलीस. मी मागे उभी, हातात दुधाची बाटली. घरी येऊन मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तू म्हणालीस, भाभी, रांग मोठी होती. यावर आपण किती वेळा भांडलो ते आठव. अजूनही मला वाटतं, रांग बिंग काही नव्हती. तुला ते ऐकायचं होतं. आणि तुझ्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते, हे तुला मी कधी सांगितलं नाही.

आता ते दुसरं सांगते. माहीन अकरा वर्षांची होती, माझ्या भावाचं लग्न रत्नागिरीला. मी तुला न सांगता तिला एका सलूनमध्ये नेलं आणि केस सरळ करून आणले. तिलाही हवे होते, हे खोटं नाही. मैत्रिणींसारखे हवे होते. लग्नात माझ्या मावशा, माम्या, सगळ्या तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, आता कशी आईवर गेली. त्या वाक्यावर मी तीन दिवस जगले. दोन महिन्यांनी केस तुटायला लागले. कपाळाच्या वर, दोन्ही बाजूंनी, हाताला येतील तिथून. उशीवर, बाथरूममध्ये, शाळेच्या स्वेटरवर.

तू ओरडशील असं वाटलं होतं. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू तिला समोर बसवून विचारलंस, कापायचे का, सगळे सरळ भाग कापून पुन्हा वाढवायचे? ती हो म्हणाली. मग कात्री हातात घेऊन तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, “भाभी, तुला तिचे केस नको आहेत, की माझ्यासारखे केस नको आहेत?”

मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आणि भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी परत घासली. आज उत्तर देते. तुझ्यासारखे नको होते. तिच्या केसांशी माझं काही वाकडं नव्हतं गं. आरशात बघितल्यावर तिला मी दिसावी, एवढंच हवं होतं. नाक तुमचं, रंग तुमचा, हट्ट तुमचा. एक वेणी तरी माझी असू दे, असं वाटलं. ते तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू हसली असतीस, की रडली असतीस, मला खरंच माहीत नाही.

शिकायला मात्र तू मला बोलवायचीस. ये भाभी, बस, भांग कसा काढतात बघ. मी कधी आले नाही. मटण शिजतंय, फोन आलाय, पाठ दुखतेय. शिकायला बसले असते तर मला येत नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही तुझ्या पायाशी बसून. शेवटच्या शनिवारीही बोलावलंस. म्हणालीस, “मागच्या दोन ओळी तू घाल ना भाभी, आज माझे हात भरून आलेत.” असं तू कधी म्हणाली नव्हतीस. मी म्हटलं, माझ्या हाताला मसाला लागलाय. मंगळवारी गॅरेजवरून फोन आला. तुझं डोकं टेबलावर टेकलेलं होतं म्हणे, लोकांना वाटलं झोपलीस.

आता जे सांगायचंय ते मी अश्फाकलाही सांगितलेलं नाही. तुला न्हाऊ घालायला घरची बाई म्हणून मीच होते. दुसरी कोण होती इथे तुझी? मय्यतीला गुस्ल देणारी, न्हाऊ घालणारी बाई हैदराबादची, म्हातारी, पाण्याचा अंदाज पक्का, हात भरभर. बाहेरून कुणीतरी यल्ला यल्ला, आटपा, असं करत होतं, दुपारच्या जोहरच्या नमाजला जनाजा धरायचा होता. आपल्यात बाईचे केस सोडून, धुऊन, तीन वेण्या घालून मागे टाकतात, हे तुला माहीतच होतं. तुझे केस सोडले. पाणी पडलं आणि ते सगळे वर गोळा झाले. त्या बाईने कंगवा घेतला आणि मुळापासून ओढला.

माझ्या तोंडून निघालं, “आपा, रुकिए. ऐसे नहीं. नीचे से, पहले उंगली से.”

तिने कंगवा माझ्या हातात दिला. रुबिना, मला येत होतं. आठ वर्षं दारात उभं राहून, जळत, पोळत, तुझं प्रत्येक बोट मी बघितलं होतं. चार भाग केले, बोटांनी सोडवले, टोकापासून दोन-दोन बोटं वर आले. ओढून धरले तर तुझ्या पाठीच्या मध्यापर्यंत आले. एवढे लांब झाले होते हे मला माहीतच नव्हतं. आणि तिथेही, अल्ला माफ करो, माझ्या मनात आलं, हिचे माझ्यापेक्षा दाट आहेत. तीन वेण्या घातल्या. फार चांगल्या नाही झाल्या, मधली तिरकी गेली. कंगव्यात आले तेवढे केस रिवाजाप्रमाणे कफनात तुझ्याजवळ ठेवले. तुझ्या केसांना मी हात लावला तो पहिल्यांदा.

हे सगळं मी पोटात ठेवलं होतं. माहीनला कशाला सांगायचं? पण काल शनिवार. तिने कानामागची एक गुठळी स्वतःच ओढून बघितली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. मला दिसलं. दोन दिवस आणखी गेले असते तर कात्रीच लावावी लागली असती, आणि तीन वर्षांची वाढ पुन्हा गेली असती. तिने मला आयुष्यभर माफ केलं नसतं, आणि तुला तर तोंड दाखवायची सोयच उरली नाही. मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि सांगून टाकलं. फुफूचे केस मी धुतले, म्हटलं. वेण्या मी घातल्या.

तिने कानामागचा हात खाली घेतला. मग मराठीत विचारलं. ती मराठीत कधी बोलते?

“टोकापासून सोडवलेस?”

“टोकापासून.”

ती उठली, हॉलमध्ये आली आणि सोफ्यासमोर खाली बसली. तू बसायचीस त्या जागेवर मी बसले. गुडघे कसे ठेवायचे तेही मला कळेना, तिनेच ढकलून नीट केले.

चार तास लागले. अश्फाक दोनदा डोकावून गेला, दुसऱ्यांदा चहा ठेवून गेला, हे तुझ्या वेळी त्याने कधी केलं नव्हतं, त्याची नोंद घे. एकेक वेणी सोडली की मूठभर केस हातात यायचे. मी म्हटलं, झालं, लावली वाट पोरीची. तर ती खालूनच म्हणते, रिलॅक्स अम्मी, रोज गळतात ते वेणीत अडकून बसतात, आठ आठवड्यांचे आहेत. तुझ्या आवाजात म्हणाली. अगदी तुझ्या. तुझा राग आला मला.

कानांमागच्या गुठळ्यांना मी कंडिशनर चोळलं, बोटं घातली, बसून राहिले, परत बोटं घातली. सुटल्या. एक सोडून सगळ्या सुटल्या, आणि त्या एकीतले थोडे तुटले. तुझ्या हातून तेवढेही तुटले नसते, हे मान्य. धुतले, बटर लावलं, आणि ती म्हणाली, वेण्या घाल. मी भांग काढला, तो रत्नागिरीच्या घाटासारखा गेला. मोबाइलमध्ये फोटो काढून तिला दाखवला तर हसली. घाल, म्हणाली. मी घालायला लागले.

तिसऱ्याच वेणीला ओरडली. आई गं, दुखतंय! पाचवीला पुन्हा. मी हात सैल केला तरी पुन्हा. मला रडू यायला लागलं. आठ वर्षं हाच सोफा, तीन-तीन तास, कधी हूं नाही की चूं नाही. माझा हात लागला की ओरडा. मी म्हटलं, तुझ्या फुफूच्या हातचं नव्हतं ना दुखत? मला येत नाही, सांग तसं.

“दुखायचं,” ती म्हणाली. “शी वॉज सो टाइट, अम्मी. रात्री उशीवर डोकं ठेवता यायचं नाही.”

माझे हात थांबले. मग तिला कधी सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

तिने खांदे उडवले. फुफू फक्त शनिवारी यायची, म्हणाली. कटकट केली असती आणि पुढच्या शनिवारी आली नसती तर?

“आणि माझ्यावर ओरडतेस ती?”

“यू लिव्ह हिअर,” ती म्हणाली, आणि पुढची वेणी घालायला डोकं मागे टेकवलं.

रुबिना, मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. आठ वर्षं तिने सगळं तुला सांगितलं, आणि ही एक गोष्ट मला. मी उरलेल्या वेण्या कशा घातल्या ते मला आठवत नाही. तिरक्या आहेत, सैल आहेत, आठवड्यात सुटतील. तिला झोपायला पाठवलं, आणि सकाळी उठल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही, कारण ही गोष्ट तोंडावर ऐकवावी अशी एकच बाई या दुनियेत होती. म्हणून लिहायला बसले. ऐक तर मग. तुझा हात फार लागायचा. आणि पोरीने आठ वर्षं तुला ते कळू दिलं नाही.